लघुग्रहांवरचं खाणकाम: हिशेब कुठवर आला?

'१६ सायकी' या लघुग्रहावरच्या धातूची किंमत एकावर एकोणीस शून्यं इतके डॉलर आहे, ती जगभर वाटली तर माणशी सव्वा अब्ज डॉलर येतील, अशी बातमी वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर अधूनमधून फिरत असते. हा आकडा कोणा वार्ताहराने रचलेला नाही. सायकीकडे निघालेल्या नासाच्या मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञ लिंडी एल्किन्स-टँटन यांनीच तो मांडला होता. सायकी सगळाच्या सगळा लोह-निकेलचा आहे असं धरायचं, त्याला पृथ्वीवरच्या बाजारभावाने गुणायचं, की तो येतो. एवढा धातू बाजारात उतरला तर भावच उरणार नाही, त्यामुळे या गुणाकाराला अर्थ नाही, हेही त्यांनीच सांगितलं आहे. बातमीत पहिला भाग छापून येतो, दुसरा गळून जातो.

लघुग्रहांवर खाणकाम परवडेल का, हा वाद शास्त्रज्ञ, अभियंते, अर्थतज्ज्ञ आणि कायद्याचे अभ्यासक गेली पन्नासेक वर्षं घालत आहेत आणि तो या गुणाकाराच्या पुष्कळ पुढे गेला आहे. त्याचा आढावा घेण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 'लघुग्रहांवरचं खाणकाम' या एका नावाखाली दोन निरनिराळे धंदे येतात. एकात प्लॅटिनमसारखा महाग धातू पृथ्वीवर आणून विकायचा असतो. दुसऱ्यात पाणी आणि इतर माल अवकाशातच काढून तिथेच विकायचा असतो. दोन्हींचं गिऱ्हाईक वेगळं, अडचणी वेगळ्या, हिशेबही वेगळा. वादातला निम्मा गोंधळ हे दोन धंदे एकत्र मोजल्यामुळे झाला आहे, असं माझं मत आहे.

दगड असणं आणि दगड विकला जाणं

वेल्हे आणि भोर तालुक्यांत दगडाला तोटा नाही. तोरणा, राजगड, रायरेश्वर हे सगळे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत. तरी तोरण्यात इतक्या लाख कोटींचा दगड आहे, असं कोणी म्हणत नाही. पुणे-सातारा रस्त्याच्या आसपास एखादी चालू खाण पाहिली तर कारण लगेच कळतं. सुरुंगाने मोकळा झालेला डबर पोकलेन उचलतो, तो क्रशरच्या जबड्यात पडतो, पुढे पट्ट्यावरून चाळण्यांवर जातो, आणि वीस मिलिमीटरची खडी, दहा मिलिमीटरची खडी, बारीक कच असे वेगवेगळे ढीग लागतात. डंपर भरून बाहेर पडतो तेव्हा ब्रासच्या भावात सुरुंगाचा खर्च असतो, विजेचं बिल असतं, डिझेल असतं, सरकारचं स्वामित्वधन असतं. दगडाची स्वतःची किंमत त्यात नगण्य असते. हाच पाषाण केळद-मढे घाटाकडच्या एखाद्या कड्यात असेल, तर त्याची खडी पुण्याला विकायची म्हटल्यावर घाटरस्त्याच्या वाहतुकीतच भाव संपेल.

म्हणूनच भूशास्त्रात 'असलेलं खनिज' आणि 'काढता येण्याजोगा साठा' यांत काटेकोर फरक करतात. पहिलं निसर्गाने ठरतं. दुसरं तंत्रज्ञान, अंतर, बाजारभाव आणि कायदा यांनी ठरतं, आणि त्यांच्याबरोबर बदलतंही. सायकीवरचा एकोणीस शून्यांचा आकडा पहिल्या प्रकारातला आहे. दुसऱ्या प्रकारात मोडेल असं एकही खनिज आजमितीस कोणत्याही लघुग्रहावर सिद्ध झालेलं नाही.

बॅरिंजरपासून पीएसएलव्हीपर्यंत

आभाळातून आलेल्या धातूवर धंदा उभा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न जमिनीवरच झाला. अमेरिकेत ॲरिझोनामधलं मोठं विवर लोखंडी अशनीच्या आघाताने झालं आहे, हे डॅनियल बॅरिंजर या खाण अभियंत्याने ओळखलं. १९०३ मध्ये त्याने 'स्टँडर्ड आयर्न कंपनी' काढली आणि विवराच्या तळाखाली कोट्यवधी टन लोखंड गाडलेलं आहे या खात्रीने पंचवीसेक वर्षं खोदकाम केलं. १९२९ मध्ये मोल्टन या खगोलशास्त्रज्ञाने गणित मांडलं: आदळलेला गोळा बॅरिंजरच्या अंदाजापेक्षा कितीतरी लहान होता आणि त्याचा बहुतेक भाग आघाताच्या उष्णतेने वाफ होऊन गेला होता. त्याच वर्षी बॅरिंजर वारला. विवर कशामुळे झालं, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. साठ्याचा हिशेब मात्र साफ चुकला होता.

आपल्या लोणारची गोष्ट वेगळी नाही. बेसॉल्टमध्ये पडलेलं हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आघाताचंच आहे, हे आता मान्य आहे. आदळलेल्या लघुग्रहाचा मोठा तुकडा मात्र तिथे कधीच मिळाला नाही. लहान अशनी हवेत वेग मंदावून जमिनीपर्यंत पोचतात. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात पडले तसे. ते प्रयोगशाळेसाठी मोलाचे, धंद्यासाठी निरुपयोगी. मोठा माल हवा असेल तर तो जिथे आहे तिथेच जायला हवं, हा निष्कर्ष अपरिहार्य होता.

अवकाशात जाऊन लघुग्रहांचा माल वापरण्याची कल्पना रशियाच्या त्सिओल्कोव्स्कीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. तिला अभियांत्रिकीचं रूप १९७० च्या दशकात आलं. जेरार्ड ओ'नील यांनी अवकाशातल्या वसाहतींचा आराखडा मांडला. ब्रायन ओ'लिअरी यांनी १९७७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पृथ्वीच्या जवळून जाणाऱ्या लघुग्रहांवरच्या खाणकामाबद्दल लेख लिहिला. १९९६ मध्ये जॉन लुईस यांचं 'मायनिंग द स्काय' आलं आणि या विषयाचा आशावादी सूर बराचसा तिथे पक्का झाला.

पैसा आला तो २०१२ नंतर. 'प्लॅनेटरी रिसोर्सेस' या कंपनीमागे गूगलचे लॅरी पेज आणि एरिक श्मिट उभे राहिले. पुढच्याच वर्षी 'डीप स्पेस इंडस्ट्रीज' निघाली. प्लॅनेटरी रिसोर्सेसचा 'आर्किड-६' हा चाचणी उपग्रह १२ जानेवारी २०१८ रोजी आपल्या पीएसएलव्ही-सी४० ने श्रीहरिकोट्याहून कक्षेत सोडला, हे आपल्याकडे फारसं कोणाच्या लक्षात राहिलेलं नाही. उपग्रह वर गेला त्याच वर्षी कंपनीकडचा पैसा आटला आणि ऑक्टोबरमध्ये ती एका ब्लॉकचेन कंपनीने विकत घेतली. डीप स्पेस इंडस्ट्रीजही २०१९ च्या सुरुवातीला विकली गेली. दोन्ही कंपन्या एकाच कारणाने थांबल्या. गुंतवणूकदार जितकी वर्षं थांबायला तयार होते, त्याच्या कितीतरी पट वर्षं पहिल्या उत्पन्नाला लागणार होती.

दुसरी लाट चालू आहे. २०२२ मध्ये निघालेल्या 'ॲस्ट्रोफोर्ज'ने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'ओडिन' हे छोटं यान एका लघुग्रहाकडे पाठवलं. सुटल्यानंतर थोड्याच काळात त्याच्याशी संपर्क तुटला. पहिल्या लाटेपेक्षा या कंपन्यांची यानं लहान आणि स्वस्त आहेत, आणि एखादं यान गमावणं त्यांनी आधीच हिशेबात धरलेलं आहे. खाणीचा माल मात्र अजून कोणाच्याच हाती आलेला नाही.

तिथे नेमकं काय आहे

पृथ्वी तरुणपणी वितळलेली होती तेव्हा लोखंड बुडून गाभ्यात गेलं, आणि लोखंडाशी सलगी असलेले प्लॅटिनम, इरिडियम, पॅलेडियम हे धातूही त्याच्याबरोबर खाली गेले. वरच्या कवचात ते दुर्मीळ झाले. अनेक लघुग्रहांत अशी विभागणी झालीच नाही. काही लघुग्रह तर फुटलेल्या छोट्या ग्रहांच्या गाभ्याचे तुकडे असावेत. याचा पुरावा पृथ्वीवरच मिळतो. डायनोसॉर नाहीसे झाले त्या काळातल्या मातीच्या पातळ थरात इरिडियमचं प्रमाण एकदम वाढलेलं आहे, हे लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह १९८० मध्ये दाखवलं. ते इरिडियम लघुग्रहाने आणलं होतं. तोच थर कच्छमध्ये अंजारजवळ दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या गाळातही ओळखला गेला. म्हणजे राजगडाचा खडक घडत होता त्याच युगातली ही घटना.

प्लॅटिनमच्या दृष्टीने सर्वांत चांगल्या धातुमय अशनींत टनामागे ५० ते १०० ग्रॅमपर्यंत प्लॅटिनम गटातले धातू मिळतात. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींत हेच प्रमाण टनाला पाचेक ग्रॅमच्या आसपास असतं. आशावादी मंडळींचा सगळा भर या फरकावर आहे आणि तो फरक खरा आहे. कार्बनी जातीच्या लघुग्रहांत धातू कमी, पण मातीच्या खनिजांत बांधलेलं पाणी असतं, काही प्रकारांत वजनाच्या दहा टक्क्यांहूनही अधिक.

प्रत्यक्ष हातात आलेला माल मात्र चिमूटभर आहे. जपानच्या पहिल्या हायाबुसा यानाने २०१० मध्ये इतोकावावरची जेमतेम धूळ आणली. हायाबुसा-२ ने २०२० मध्ये र्‍युगूवरून ५.४ ग्रॅम आणले. नासाच्या ओसायरिस-रेक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये बेन्नूवरून १२१.६ ग्रॅम आणले. त्या मोहिमेचा एकूण खर्च सुमारे १.१६ अब्ज डॉलर, म्हणजे ग्रॅमला ९५ लाख डॉलर पडले. ती मोहीम विज्ञानासाठी होती, त्यामुळे हा खाणीचा भाव समजणं अन्यायाचं होईल. पण आज आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत ते त्यातून दिसतं.

सायकीबद्दलही चित्र बदललं आहे. त्याची घनता मोजल्यावर ती निव्वळ लोह-निकेलच्या निम्म्याच्या आसपास निघाली. म्हणजे तो एकतर दगड-धातूचं मिश्रण आहे, किंवा आत पोकळ जागा खूप आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुटलेलं यान २०२९ मध्ये तिथे पोचेल, तेव्हा कळेल. पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांची नोंद आता ४० हजारांच्या आसपास गेली आहे. पण त्यांतले धातुमय किती, पोचायला सोपे किती, पुरेसे मोठे किती, अशी चाळण हार्वर्डच्या मार्टिन एल्व्हिस यांनी २०१४ मध्ये लावली तेव्हा प्लॅटिनमसाठी परवडू शकतील असे लघुग्रह दहाच्या आसपास उरले. एल्व्हिस स्वतः या क्षेत्राचे पाठीराखे आहेत, म्हणून त्यांच्या अंदाजाला विशेष वजन आहे. शोध चालू राहिला तर ती संख्या वाढेल, असं त्यांचं म्हणणं आहे.

धातू पृथ्वीवर आणायचा तर

कॅलिफोर्नियातल्या केक इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये एक अभ्यास केला: सात मीटर व्यासाचा, ५०० टनांचा अख्खा लघुग्रह पिशवीत धरून चंद्राजवळच्या कक्षेत आणायचा. खर्चाचा अंदाज २.६ अब्ज डॉलर निघाला. तो लघुग्रह उत्तम धातूचा होता असं समजून टनाला ५० ग्रॅम प्लॅटिनम धरलं, तर त्यातून २५ किलो प्लॅटिनम निघेल. गेल्या दशकात प्लॅटिनमचा भाव बहुतेक काळ औंसाला हजार डॉलरच्या आसपास होता. त्या भावाने २५ किलोचे आठ लाख डॉलर होतात. भाव दुप्पट-तिप्पट झाला तरी खर्च अब्जांत आणि उत्पन्न लाखांत, हे गणित तसंच राहतं. आणि धातू वेगळा करण्याचा खर्च अजून धरलेलाच नाही.

समर्थकांची यावर तीन उत्तरं आहेत आणि ती ऐकण्यासारखी आहेत. एक, अख्खा दगड आणायचाच नाही. तिथेच धातू वेगळा करून फक्त प्लॅटिनम आणायचं. दोन, पहिल्या मोहिमेत विकासाचा सगळा खर्च असतो, विसाव्या मोहिमेत तो उरत नाही. तीन, प्रक्षेपण स्वस्त होत चाललं आहे. स्पेस शटलच्या काळात कक्षेत एक किलो न्यायला ५० हजार डॉलरहून जास्त लागत, फाल्कन-९ ने ते तीनेक हजारांवर आणले. आंद्रेआस हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गृहीतकांवर आर्थिक प्रारूप मांडलं. त्यांच्या निष्कर्षानुसार प्लॅटिनमचा धंदा दोन गोष्टींवर तग धरतो: यान स्वतःच्या वजनाच्या मानाने किती माल गाळू शकतं, आणि वाढलेल्या पुरवठ्याने भाव किती पडतो.

पहिल्या गोष्टीचा अनुभव कोणालाच नाही. पृथ्वीवर खनिज दळतात, पाण्यात घुसळतात, वितळवतात. प्रत्येक पायरीवर गुरुत्वाकर्षण फुकट मदत करतं. जड खाली बसतं, हलकं वर येतं. बेन्नूवर नमुना घेताना यानाचा हात दगडगोट्यांत सहज रुतला, जणू पृष्ठभागाला कसलाच आधार नव्हता. तिथे टनावारी माल दळणारी यंत्रं कशी उभी करायची, याचं उत्तर अजून कागदावरही पूर्ण नाही.

दुसरी गोष्ट बाजाराची. जगातल्या खाणींतून वर्षाला दोनशे टनांच्या आत प्लॅटिनम निघतं, म्हणजे बाजार लहान आहे. एका मोठ्या खेपेने भाव कोसळेल. ॲल्युमिनियमचा दाखला इथे दोन्ही बाजू देतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो मौल्यवान धातू होता. १८८६ मध्ये विजेने तो गाळण्याची रीत सापडली आणि भाव घसरला. शंकेखोर म्हणतात, पहा, जुना भाव धरून केलेला हिशेब वाहून जातो. समर्थक म्हणतात, पहा, स्वस्त झाल्यामुळेच त्याचा खप अफाट वाढला आणि त्यावर मोठा उद्योग उभा राहिला. दोघांचंही खरं आहे. फरक इतकाच, की विजेची रीत स्वस्त होती म्हणून भाव पडूनही उत्पादक तरले.

शिवाय थांबण्याचीही किंमत असते. जोखमीच्या धंद्यात गुंतवणूकदार वर्षाला पंधरा टक्के परतावा मागणार, हे गैर नाही. त्या दराने दहा वर्षं अडकलेल्या शंभर कोटींना दहा वर्षांनी चारशे कोटी परत द्यावे लागतात. लघुग्रहापर्यंत जाऊन माल घेऊन यायला दहा वर्षं हा काळ मुळीच जास्त नाही. प्लॅनेटरी रिसोर्सेस नेमकी इथेच अडली.

पाणी आणि न आलेलं गिऱ्हाईक

दुसऱ्या धंद्याचं तर्कशास्त्र उलटं आहे. पाणी पृथ्वीवर स्वस्त, पण कक्षेत वर नेलेलं एक लिटर पाणी हजारो डॉलरचं. पाण्याचं विघटन केलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे यानाचं इंधन, मिळतं. लघुग्रहावरून निघायला जोर लागत नाही, कारण तिथे गुरुत्वाकर्षण जवळपास नाही. काही लघुग्रहांपर्यंत जाणं तर चंद्रावर उतरण्यापेक्षाही कमी इंधनात होतं. आज या क्षेत्रातले बहुतेक अभ्यासक धातूऐवजी पाण्यालाच पहिला माल मानतात, आणि मलाही हीच बाजू जास्त सशक्त वाटते.

तरी तिच्यात दोन पेच आहेत. पहिला, प्रक्षेपण स्वस्त झालं की खाणीची यानं स्वस्त होतात, पण पृथ्वीवरून पाणी नेणंही तितकंच स्वस्त होतं. केकच्या त्याच ५०० टनांत दहा टक्के पाणी धरलं तर किलोला ५२ हजार डॉलर पडतात, आणि आजच्या रॉकेटने पृथ्वीवरून चंद्राजवळ पाणी नेणं याहून स्वस्त आहे. हा भाव पहिल्या मोहिमेचा आहे, पुढे उतरेल. पण रॉकेटचा भावही उतरतो आहे. दोन्हींत कोण आधी खाली येईल यावर सगळं अवलंबून आहे. दुसरा पेच, अवकाशात इंधन विकत घेणारं गिऱ्हाईक आज नाही. चंद्रावर वस्ती, कक्षेतले पेट्रोलपंप, मंगळाच्या मोहिमा, यांतलं काही नियमित सुरू झालं तर ते येईल. त्यातही चंद्रावरचं पाणी स्पर्धेत आहे. चंद्राच्या मातीत पाण्याचे रेणू आहेत हे चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने दाखवून दिलं, आणि चंद्र तीन दिवसांवर आहे. लघुग्रहाशी गाठ पडायची वेळ काही वर्षांनी एकदा येते.

समुद्रतळाचा अनुभव

दूर, खोल, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या जागी खाण काढण्याचा प्रयोग भारताने एकदा सुरू केलेला आहे, तोही गोव्याहून. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून बहुधातू गोळे वर काढले. बटाट्याएवढ्या या काळ्या गोळ्यांत मँगेनीजबरोबर निकेल, तांबं आणि कोबाल्ट असतं. १९८७ मध्ये भारताला संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत 'पायोनियर इन्व्हेस्टर' हा दर्जा मिळाला. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार झाला, आणि मध्य हिंदी महासागरातलं ७५ हजार चौरस किलोमीटरचं क्षेत्र शोधासाठी आपल्याकडे आलं. तिथे ३८ कोटी टन गोळे असल्याचा अंदाज आहे.

चार दशकं उलटली तरी खोल समुद्रातल्या गोळ्यांचं व्यापारी उत्पादन जगात कोणीही सुरू केलेलं नाही. साठा मोजलेला आहे, नमुने टनावारी तपासलेले आहेत, धातू वेगळे करण्याच्या रीती बसवलेल्या आहेत, आणि जागा आहे अवघी पाच-सहा किलोमीटर खोल. अडलं आहे ते भावातल्या चढउतारांवर, जमिनीवरच्या स्वस्त निकेलवर, आणि समुद्रजीवांच्या हानीच्या सार्थ भीतीवर. लघुग्रहांच्या बाबतीत यांतली एकही तयारी झालेली नाही. मात्र समुद्रतळाने एक गोष्ट कमावली: खाणीआधी नियम आणि हिस्सा ठरवणारी संस्था उभी राहिली. या प्रयोगाकडे अपयश म्हणून पाहणाऱ्यांनी हेही मोजायला हवं.

पृथ्वीवरच्या खाणी थांबतील का?

लघुग्रहांच्या बाजूने एक नैतिक युक्तिवादही केला जातो: तिकडे खणलं तर इकडचे डोंगर वाचतील. हाइन यांच्याच एका अभ्यासात एक किलो प्लॅटिनममागे पृथ्वीवरच्या खाणीतून सुमारे ४० हजार किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अवकाशातून आणल्यास तो १५० किलोच्या आसपास राहील, असा अंदाज आहे. अंदाज अनेक गृहीतकांवर उभा आहे, तरी फरक एवढा मोठा आहे की तो बाजूला सारता येत नाही.

पण आपल्या डोंगरांतून निघतं ते प्लॅटिनम नाही. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात भोर आणि वेल्हे तालुक्यांतली अनेक गावं आहेत. जुलै २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्रातलं १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र येतं, आणि त्यात खाणकाम, दगडखाणी आणि वाळूउपशावर बंदी सुचवलेली आहे. गावांमधून या बंधनांना विरोध आहे, कारण घरबांधणी आणि रोजगार अडतील अशी भीती आहे. पर्यावरणाच्या बाजूने बोलणारे दरडींकडे आणि नद्यांच्या उगमांकडे बोट दाखवतात. या वादात लघुग्रहांचा काहीही उपयोग नाही. खडी, वाळू, मुरूम, लोहखनिज, कोळसा हाच खाणकामाचा मोठा भार आहे, आणि तो कधीच आभाळातून येणार नाही. अवकाशातल्या खाणींच्या आशेवर इथले निर्णय लांबणीवर टाकणं मला धोक्याचं वाटतं.

दुसरी बाजू दक्षिण आफ्रिकेची. जगातलं सुमारे ७० टक्के प्लॅटिनम तिथून येतं. त्या खाणींत काम करणाऱ्यांची रोजीरोटी भावाशी बांधलेली आहे. अवकाशातून खरंच स्वस्त प्लॅटिनम आलं तर पहिला फटका त्यांना बसेल. याबद्दलचा विचार या क्षेत्रातल्या लेखनात फारच थोडा सापडतो.

हक्क कोणाचा

वेल्ह्यात एक ब्रास डबर काढायचा तर जमीन कोणाची, परवानगी कोणाची, वाहतूक पास कोणी द्यायचा, स्वामित्वधन किती, हे गौण खनिजाच्या नियमांत लिहिलेलं आहे. खाणीची झळ बसलेल्या भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा जातो. व्यवहारात त्रुटी असतील, पण दाद मागायला तहसील कार्यालय आहे.

अवकाशासाठी १९६७ चा बाह्य अवकाश करार आहे. कोणताही देश खगोलीय पिंडावर मालकी सांगू शकत नाही, असं तो म्हणतो. तिथून काढलेल्या मालाबद्दल तो गप्प आहे. त्या मौनाचे दोन अर्थ लावले जातात. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून आपल्या कंपन्यांना काढलेल्या मालावर मालकी दिली. समुद्र कोणाचा नाही, पण पकडलेला मासा कोळ्याचा, असा त्यामागचा तर्क. लक्झेंबर्ग, संयुक्त अरब अमिराती आणि जपान यांनीही पुढे असे कायदे केले. दुसरा पक्ष म्हणतो, मालकीच नसेल तर माल विकण्याचा हक्क आला कुठून? १९७९ च्या चंद्र कराराने ही संपत्ती मानवजातीचा सामायिक वारसा ठरवली होती, पण अवकाशात पुढे असलेल्या मोठ्या देशांनी तो स्वीकारला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश समितीचा एक कार्यगट याच विषयावर तत्त्वं ठरवत असून त्याची मुदत २०२७ पर्यंत आहे.

भारताची भूमिका दोन्ही बाजूंना स्पर्श करणारी आहे. बाह्य अवकाश कराराला आपण बांधील आहोत. चंद्र करारावर आपण १९८२ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिली नाही. जून २०२३ मध्ये आपण अमेरिकेच्या पुढाकाराच्या आर्टेमिस करारात सामील झालो. त्याच वर्षीच्या भारतीय अवकाश धोरणाने लघुग्रहावरून मिळवलेला माल बाळगण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क खाजगी संस्थांना दिला, मात्र देशाच्या आंतरराष्ट्रीय बांधिलकीच्या चौकटीत. ही तरतूद इन-स्पेस या नियामक संस्थेच्या अखत्यारीत येते, पण धोरण म्हणजे कायदा नाही, आणि संसदेने मंजूर केलेला स्वतंत्र अवकाश कायदा आपल्याकडे अजून नाही. स्वामित्वधन असेल का, असल्यास कोणाला, अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची, हे प्रश्न उघडे आहेत. खाणी लांब असल्या तरी हे आत्ताच ठरवावं, असं मला वाटतं. कोणाचे हितसंबंध तयार होण्याआधी केलेला नियम न्याय्य असण्याची शक्यता जास्त असते.

येत्या काही वर्षांत काय कळेल

वादातले काही मुद्दे आता मतांवर राहणार नाहीत, ते मोजमापाने सुटतील. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ मध्ये पहिल्या दहाएक तासांच्या निरीक्षणांतच दोन हजारांहून अधिक नवे लघुग्रह टिपले. तिच्या दहा वर्षांच्या सर्वेक्षणातून लहान, जवळच्या लघुग्रहांची यादी कितीतरी वाढेल, आणि एल्व्हिस यांची चाळण नव्याने लावता येईल. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था मिळून लडाखमध्ये हान्लेला चालवत असलेली ७० सेंटिमीटरची दुर्बीणही अशा लघुग्रहांचा माग काढते. चीनचं मे २०२५ मध्ये सुटलेलं तियानवेन-२ हे यान कामोओआलेवा या लघुग्रहाचा नमुना २०२७ च्या अखेरीस पृथ्वीवर आणणार आहे. चंद्राचा नमुना आणणाऱ्या आपल्या चांद्रयान-४ ला सप्टेंबर २०२४ मध्ये २,१०४ कोटी रुपये मंजूर झाले. तिथून माल उचलणं, कक्षेत जोडणी करणं आणि परत येणं ही कौशल्यं लघुग्रहासाठीही लागतात.

१४ एप्रिल २०२९ रोजी भारतीय वेळेनुसार पहाटे अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, म्हणजे दूरसंचार उपग्रहांच्याही अलीकडून जाईल. त्याचा अभ्यास करण्यात इस्रोनेही रस दाखवला आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सायकी यान आपल्या लघुग्रहाजवळ पोचेल. तो धातूचा गाभा आहे की दगडमिश्रित काही वेगळंच, हे कक्षेतून मोजता येईल. सूक्ष्म गुरुत्वाकर्षणात धातू गाळणं, आणि अवकाशात पाण्याला नियमित गिऱ्हाईक मिळणं, या दोन्हींसाठी मात्र आज कोणत्याही देशाकडे तारीख ठरलेली मोहीम नाही.